पलीकडची जागा

मूल वाचायला लागलं, हे तुम्ही कशावरून ओळखाल?

लगेच सांगू नका. थोडं थांबा.

हैबती गुरुजींनी हाच प्रश्न श्रीरंग सरांना विचारला, तेव्हा सर थांबले नव्हते.

"न अडता, घडाघडा म्हणायला लागलं की," ते म्हणाले होते.

गुरुजी घायपाताची दोरी मांडीवर वळत राहिले...

मधल्या सुट्टीची वेळ होती. आम्ही मुलं गुरुजींच्या ओट्यावर भाकरी खात होतो. गुरुजी आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते, पण त्यांचं घर शाळेला लागूनच होतं आणि ओट्यावर लिंबाची दाट सावली पडायची. दुपारची भाकरी तिथेच सोडायची, ही आमची सवय काही गेली नव्हती. कुणाच्या फडक्यात चटणी, कुणाच्या फडक्यात नुसता कांदा. गुरुजी मध्येच हात पुढे करून कुणाच्याही भाकरीचा तुकडा मोडून घ्यायचे, सावकाश चावायचे आणि म्हणायचे, "आईला सांग, मीठ विसरली."

आईला ते खरंच जाऊन सांगायचो आम्ही.

मी तेव्हा तिसरीत होते. आमची वाडी पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. शाळा एका खोलीची आणि एका शिक्षकाची. फळा एकच, तो खोलीत. तिथे दुसरी, तिसरी आणि चौथी बसायची. पहिलीची पोरं बाहेर पडवीत.

पडवीत फळा नव्हता. पहिलीसाठी धूळपाटी होती. म्हणजे एक लाकडी चौकट, तिला फळीचा तळ, आणि तिच्यात चाळून घातलेली तांबडी माती. बोटानं अक्षर काढायचं, चौकट हलवली की पुसलं. श्रावणात ती माती ओलसर होऊन बोटाला चिकटायची. उन्हाळ्यात कुणी शिंकलं तरी अख्खा शब्द उडून जायचा. मग सगळे त्या शिंकणाऱ्याच्या पाठीत धपाटे घालायचे.

पुस्तकं कमीच यायची. पहिलीत मोजकीच पोरं, आणि त्यांच्यात पुस्तक एकच. ते मधोमध जमिनीवर ठेवायचं आणि भोवतीनं बसायचं.

हैबती गुरुजी शिकवत होते तेव्हा त्यात एक गंमत असायची. पान संपलं की ते ओरडायचे, "सरका!" की सगळ्यांनी डावीकडे एक जागा सरकायचं. जमिनीवर घासत, एकमेकांना ढकलत, हसत. "गुरुजी, ह्यो माझ्या पायावर बसला!" असा कुणीतरी गळा काढायचाच. मग पुढचं पान. परत "सरका!" संध्याकाळी घरी गेलं की आई फराक बघायची आणि कपाळाला हात लावायची. शेणानं सारवलेली सगळी जमीन आम्ही अंगावर घेऊन आलेलो असायचो.

आम्हाला तो खेळच वाटायचा.

श्रीरंग सर आले आणि तो खेळ बंद झाला.

सर आमच्याच वाडीचे. गुरुजींच्याच हाताखाली शिकलेले. साताऱ्याला राहून त्यांनी शिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून ते परत आले. माणूस वाईट नव्हता हो. जीव तोडून शिकवायचे. पण त्यांना शिस्त लागायची. ज्यानं त्यानं आपली जागा धरायची आणि हलायचं नाही. आणि खरं सांगायचं तर दिवाळी सरता सरता पहिलीची पोरं अख्खा धडा एका दमात म्हणायला लागली. वाटेनं जाणारी माणसं डोक्यावरचा भारा तसाच ठेवून पडवीपाशी थांबायची आणि ऐकायची.

सरांना त्याचा अभिमान होता. कुणाला नसता?

त्या दुपारी ते ओट्याच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "गुरुजी, माझी पहिली सगळी वाचते. एक पोर सोडून."

"कोण?"

"सगुणा. दगडू येडग्याची."

सगुणा धनगरवाड्यावरची. वरच्या माळावरून चालत यायची. सकाळी आईबरोबर शेळ्यांची धार काढायची, करडं टोपलीखाली डालायची आणि मग निघायची, म्हणून रोज उशीर. तोवर बाकीची पोरं पुस्तकाच्या पायथ्याशी खांद्याला खांदा लावून बसलेली असायची. सगुणाला पलीकडची जागा.

आता ती हपशावर पाणी प्यायला गेली होती. नाहीतर सर तिच्यादेखत बोलले नसते.

"काय अडतं तिचं?" गुरुजींनी विचारलं.

"सगळंच अडतं. सगळ्यांबरोबर म्हणत नाही, मागे राहते. पाटीवर काय काढते ते तिलाच ठाऊक. पुस्तक हातात दिलं तर उलटं धरते." सरांचा आवाज खाली आला. "दगडूदा आज येतोय. नाव काढून न्यायला."

गुरुजींचा हात थांबला.

"तो आपणहून येतोय?"

"मीच सांगितलं त्याला. म्हटलं, पोरीला अक्षर चढत नाही. खोटं कशाला बोलू, गुरुजी? इथे बसून ती नुसती हिरमुसते. पोरं हसतात तिला. त्यापेक्षा शेळ्यांमागे सुखानं राहील... उद्यापासून तो तिला माळावर धाडणार आहे."

"मग माझ्याकडे काय काम?"

"तुम्ही त्याला समजवा. माझ्यावर त्यानं राग धरू नये, एवढंच. तुमचं तो ऐकतो."

गुरुजींनी दोरीला गाठ मारली.

"म्हणजे पोर घालवायची तू, आणि गोड बोलायचं मी."

सर खाली बघायला लागले...

तेव्हाच गुरुजींनी तो प्रश्न विचारला. मूल वाचायला लागलं, हे कशावरून ओळखायचं? आणि सर घाईनं काय म्हणाले, ते मी सांगितलंच.

बराच वेळ दोरी वळून झाल्यावर गुरुजी उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू.

"चल, श्रीरंगा. तुझी घडाघडा वाचणारी पोरं ऐकू तरी."

*

माझी जागा खोलीच्या उंबऱ्याशी होती. तिथून सगळी पडवी दिसायची. सरांनी आम्हाला पाढे लिहायला लावले होते, पण गुरुजी पडवीत आल्यावर पाढे कोण लिहितंय?

पहिलीची पोरं धडपडत उभी राहिली.

"बसा रे, बसा. मी काय साहेब आहे?"

गुरुजी पोरांतच मांडी घालून बसले. पुस्तकाच्या पायथ्याशी गणा, बाळकू, तुळसा, सगळी दाटीवाटीनं. पलीकडे एकटी सगुणा. तेल न लावलेल्या केसांच्या दोन घट्ट वेण्या, आणि हातात पाटी धरलेली, छातीशी.

"सगुणा, ऊठ," सर म्हणाले. आवाज मऊच होता. "हे घे. गुरुजींना वाचून दाखव."

त्यांनी पुस्तक तिच्या हातात दिलं.

सगुणानं पुस्तक बघितलं. मग दोन्ही हातांनी ते फिरवलं आणि उलटं धरलं.

"धरलं! परत उलटं धरलं!" गणा ओरडला.

"शेळीला दाखवतीया," बाळकू म्हणाला. पडवी हसली. खोलीतले आम्हीही.

सरांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, सरळ केलं आणि परत दिलं. तिनं त्या पानाकडे बघितलं. ओठ उघडले... मिटले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सरांनी गुरुजींकडे बघितलं. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मला अजून आठवतं. वाईटच वाटत होतं त्यांना.

"बस, बाळ," गुरुजी म्हणाले. "तू बसतेस तिथेच बस. पुस्तक ठेव मधे, रोज असतं तसं."

तिनं ठेवलं. पोरांनी ते आपल्याकडे नीट करून घेतलं.

"आता सगळे मिळून वाचा बघू."

आणि पोरं सुटली. माना डोलवत, एका सुरात, पडवीचे वासे हलतील अशी.

"मनू, दोर धर! गाय पळाली! गाय माळावर गेली! मनू, गाय घरी आण!"

सरांचा चेहरा जरा खुलला. गणा पुस्तकाच्या अगदी जवळ. त्याचं बोट ओळीवरून सरसर चाललं होतं. आणि सगळ्यांच्या मागून एक बारीक आवाज येत होता. बाकीचे माळावर पोचले तरी तो आवाज अजून "पळाली"पाशी.

"बघा," सर हळूच म्हणाले. "असंच. रोज."

गुरुजींनी हात पुढे केला आणि आपला पंजा पसरून पानावर ठेवला.

अख्खं पान झाकलं गेलं.

वाचन चालूच राहिलं.

"मनू, गाय घरी आण! आईनं गाय बांधली! आईनं दूध काढलं!" तोच सूर, तोच जोर. गणाचं बोट तर गुरुजींच्या हातावरच्या शिरांवरून पुढे पुढे सरकत होतं, जणू धडा तिथेच लिहिला आहे.

फक्त तो मागचा बारीक आवाज थांबला होता.

"गुरुजी..."

"काय गं?"

"हात काढा की. दिसंना."

पोरं हळूहळू गप्प झाली. शेवटी एकटा बाळकू "दूध काढलं" म्हणत राहिला आणि आपण एकटेच म्हणतोय हे कळल्यावर तोही थांबला.

सर वाकून पुढे झाले.

गुरुजींनी हात उचलला. सगुणानं बोट टेकवलं. तिचं बोट उजवीकडून डावीकडे निघालं, पलीकडून, तिच्या बाजूनं. थांबत, चाचपत. जिथे आवाज थांबला होता, तिथूनच.

"गाय... मा... ळा... माळावर... गेली."

सर तिच्या बोटाकडे बघत राहिले.

"पाटी दे तुझी," गुरुजी म्हणाले.

तिनं छातीशी धरलेली पाटी नाइलाजानं पुढे केली. सर रोज सगळ्यांच्या पाट्या एकावर एक ठेवून तपासायचे, चौकटीतल्या दोरीच्या भोकाची बाजू वर. तशी बघितली तर त्या पाटीवर नुसते वेडेवाकडे फराटे. गुरुजींनी पाटी हातातल्या हातात फिरवली आणि सरांपुढे धरली.

मनू दोर धर.

अक्षरं कुबड आल्यासारखी होती. पण अक्षरं होती.

"पलीकडून..." सर म्हणाले. "ती पलीकडूनच शिकली."

*

"रामराम, गुरुजी."

पडवीच्या पायरीशी दगडू येडगे उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पायतण बाहेर काढून ठेवलेलं. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"ये, दगडू. बस."

"बसत न्हाय. शेळ्या वगळीला, वढ्याच्या कडंला सोडून आलोय." मग सरांकडे वळून, "श्रीरंगा... आपलं, मास्तर, ते नावाचं तेवढं बघा. काय अंगठा लागत आसंल तर लावतो."

सगुणानं बापाकडे बघितलं. मग पुस्तकाकडे. तिला सगळं ठाऊक होतं.

सर बोलायला गेले. "दगडूदा, माझंच जरा..."

"थांब," गुरुजी म्हणाले. "दगडू, तुझी पोर वाचते."

दगडू हसला. त्या हसण्यात विश्वास नव्हता, राग पण नव्हता.

"गुरुजी, आता कशाला गोड बोलताय? मास्तरांनी सांगितलं समदं. उलटं धरती म्हनं पुस्तक. आमी अडानी मानसं, पर पुस्तक सुलटं कसं धरायचं एवढं आमाला बी कळतं."

"समोर बसून शिकली ती. तिला उलटंच सुलटं दिसतं. पण वाचते."

"पोपटागत म्हनत आसंल. समदीच म्हनत्यात. वाटंवरनं ऐकतो की मी. माझी म्हातारी बी घरात बसून म्हनती आता, मनू दोर धर."

पोरं फिसकन हसली. गुरुजीही हसले.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "मग तूच परीक्षा घे."

"म्या?"

"तूच. असं काहीतरी सांग, जे तिला अजून ठाऊक नाही. माझ्या कानात सांग. मी लिहितो. तिनं वाचलं तर वाचलं. नाही वाचलं तर ने तिला आत्ताच्या आत्ता, मी अडवणार नाही."

खोलीतली पोरं उंबऱ्यावर येऊन माझ्या पाठीवर रेलली.

दगडू विचारात पडला. काठीनं त्यानं जमिनीवर एक रेघ ओढली. पोरीकडे बघितलं, लांब माळाकडे बघितलं. मग पडवीत चढला, खाली वाकला आणि गुरुजींच्या कानाशी काहीतरी बोलला.

गुरुजींनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"हे लिहू?"

"लिवा. कवा ना कवा सांगायचंच हाय."

गुरुजींनी धूळपाटी ओढली. तळव्यानं माती सपाट केली आणि बोटानं सावकाश लिहिलं. लिहिताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"गणा, तू वाच आधी."

गणानं मातीकडे बघितलं. छाती भरून घेतली. आणि सगळ्या पडवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मनू, दोर धर!"

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी डोळे मिटून घेतले.

"सगुणा."

ती पलीकडून पुढे सरकली. दोन्ही हात जमिनीला टेकून धूळपाटीवर वाकली.

"का... ळी. काळी."

बापानं काठी घट्ट धरली.

"शे... ळी. शेळी." मातीत शेळी सापडल्यावर तिला हसूच आलं. पुढचे दात पडलेले, सगळ्या हिरड्या दिसल्या. "काळी शेळी. वि... क... विक... ली."

तिनं मान वर केली.

"काळी शेळी विकली!"

केवढी खूश झाली होती. आधी गुरुजींकडे बघितलं, मग सरांकडे. सरही हसले तिच्याकडे बघून. पहिल्यांदाच.

आणि मग ते हसू तिच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं... आणि गेलं.

"आबा..."

दगडू डोंगराकडे बघत होता.

"आबा, आपली काळी?"

दगडूनं मान खाली घातली.

सगुणाचं तोंड वेडंवाकडं झालं. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण गळ्यातून शब्द निघेना. नुसता श्वास आत-बाहेर. गुरुजींनी मातीवरून तळवा फिरवला, ते तीन शब्द पुसले आणि चौकट तिच्यापुढे सरकवली.

"बोलवत नसेल तर लिही."

तिनं नाक फराकीला पुसलं आणि बोटानं लिहिलं. अगदी छोटं. तिच्या बाजूनं उलटं, आमच्या बाजूनं सरळ.

दगडू वाकून बघायला लागला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

"काय लिवलं तिनं?" त्यानं विचारलं. गुरुजींना नाही, सरांना.

सरांनी वाकून वाचलं.

"का, म्हणून विचारतेय."

दगडू उकिडवा बसला. काठी बाजूला ठेवली. कितीतरी वेळ तो त्या मातीतल्या अक्षराकडे बघत राहिला, कुणी मोठ्या माणसानं जाब विचारावा तसा.

"चढन चढंना गं ती," तो शेवटी म्हणाला. मातीकडे बघूनच. "खूर सडला हुता. मागं ऱ्हायची. येकदा लांडग्यानं धरली आसती, म्हंजी? म्हनून बाजारात दिली. तू शाळंत हुतीस तवा."

"मला न्हाय सांगितलं तुमी."

"रडशील म्हनून."

"मी सकाळी हाका मारल्या तिला."

"आयकल्या मी."

सगुणा रडली. आवाज न करता, खांदे हलवत. तुळसा सरकत सरकत पुस्तकाला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिला चिकटून बसली. बाळकूनं आपल्या खिशातला पेरूचा तुकडा काढला, त्यावरचा कचरा फुंकला आणि पुढे धरला.

दगडू उठला. डोळ्यांवरून त्यानं घोंगडीचं टोक फिरवलं.

"दगडूदा," सर म्हणाले, "ते नावाचं..."

दगडूनं हात हलवला. हो म्हणून की नको म्हणून, ते कळलं नाही.

"आज ऱ्हाऊ द्या. शेळ्या वगळीला हायत. शेळ्यांमागं जायला घरात मानूस न्हाय, मास्तर, तुमाला ठावं हाय. हिची आय दुसऱ्याच्या रानात जाती... रातीला इचार करतो."

पायरीवर तो एकदा थांबला. वळून धूळपाटीकडे बघितलं. मग पायतण घातलं आणि झपाझप चढणीला लागला.

*

शाळा सुटली. त्या दिवशी पडवी झाडायची पाळी माझी होती, म्हणून मी मागे राहिले.

गुरुजी अजून तिथेच बसले होते. सर खांबाला टेकून उभे. ऊन पडवीतून निघून अंगणात गेलं होतं आणि समोरच्या डोंगरावर शेळ्यांचे ठिपके दिसत होते. त्यातलं काळं कुठलं, हे मी उगाच शोधत होते.

आज माझ्या भाचीचा मुलगा काचेवर बोट फिरवून अक्षरं गिरवतो. चुकलं तर काच टुणकन वाजते, बरोबर आलं तर फुलं उधळते. मला कौतुक वाटतं. पण मला तो झाडू मारतानाचा तांबडा धुरळा आठवतो, आणि त्या धुरळ्यात बसलेली ती दोन माणसं.

"गुरुजी," सर म्हणाले, "मी रोज तिच्या हातातलं पुस्तक सरळ करत होतो."

गुरुजींनी धूळपाटी जवळ ओढली.

"तुम्ही 'सरका' म्हणायचात, ते... मला वाटायचं, पोरांची झोप उडावी म्हणून."

"तेही होतंच."

"म्हणजे ते यासाठी..."

गुरुजींनी धूळपाटीतला एक खडा वेचला आणि अंगणात टाकला.

सर खाली बसले. इस्त्रीच्या विजारीला माती लागेल याचं त्यांना भान नव्हतं. पुस्तक तिथेच मधोमध पडलेलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं धरलं आणि वाचायचा प्रयत्न करू लागले. ओठ हलत होते. पहिल्या ओळीलाच अडखळले. परत सुरुवात केली. परत अडखळले...

पुस्तक त्यांनी मिटलं.

"दगडूदा तिला धाडेल का हो?"

"मला काय ठाऊक?"

"नाही धाडली तर ते माझ्यामुळे."

गुरुजींनी तेही नाकारलं नाही. मी झाडू थांबवून उभी होते. त्यांनी मला हातानं खूण केली, चालू दे म्हणून.

"एवढं शिक्षण घेतलं," सर म्हणाले. "एवढ्याशा पडवीत एवढीशी पोर. रोज माझ्या डोळ्यांसमोर बसत होती, गुरुजी. रोज समोर. तरी माझ्या ध्यानात कसं आलं नाही?"

गुरुजी गुडघ्यावर हात देऊन उठले. सरांच्या खांद्यावरची तांबडी माती त्यांनी झटकली.

"समोर होती, म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा घंटेच्या आधी शाळेत आली; शेळ्या घेऊन दगडू एकटाच माळावर गेला होता.